दोघींचं वळण

तिला घरात सगळे शाई म्हणत. खरं नाव होतं, चांगलंही होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीला आणि लग्नाच्या सहीला उपयोगी पडलं. बाकी जन्मभर ती शाईच राहिली. लहानपणापासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं निळी असत आणि कितीही घासली तरी निळीच राहत. "ही गर्दीत हरवली तरी चिंता नाही," असं तिची आई म्हणायची, "बोटं दाखवा म्हटलं की सापडेल."

आईचा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा धंदा होता. खाली दुकान, वर दोन खोल्या. खालच्या वाफेमुळे वरची फरशी थंडीतही कोमट असायची, आणि दोघी बहिणी, मोठी अक्का आणि धाकटी शाई, त्या फरशीवर पालथ्या पडून अभ्यास करायच्या. वडील लवकर गेले होते. आईला लिहिता येत होतं, पण दिवसभर इस्त्री फिरवून हात इतका भरून यायचा की पेन धरवत नसे. म्हणून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावायच्या पट्ट्यांवर नावं लिहायचं काम अक्काकडे आलं. बोटभर रुंदीची सुती पट्टी, धुण्यात न जाणारी शाई, आणि गिऱ्हाइकाचं आडनाव. एवढंच काम.

पण कापडावर लिहिणं म्हणजे खायचं काम नव्हे. कागद बिचारा गरीब असतो, सांगाल ते ऐकतो. कापडाला धागे असतात. टाक उचलून पुन्हा टेकवला की टोक धाग्यात अडकतं, आणि अडकलं की डाग पसरतो. सुरुवातीला अक्कानं इतके डाग पाडले की माणसं आपापले सदरे डागावरून ओळखायला लागली. मग तिनं स्वतःच युक्ती काढली. शब्द सुरू केला की हात उचलायचाच नाही. एका अक्षराचं शेपूट पुढच्याच्या पोटात घालायचं, उकार खाली वळवून तसाच पुढं न्यायचा, आणि शब्द संपला की त्याच ओघात वर जाऊन शिरोरेघ उलटी, उजवीकडून डावीकडे, ओढून टाकायची. ती रेघ सरळ यायची नाही. लहरत यायची, काही अक्षरांना शिवायची, काहींच्या नुसती डोक्यावरून जायची. पण शब्द एका दमात व्हायचा आणि कापड स्वच्छ राहायचं.

शाई लिहायला शिकली ती अशी. अक्का मागं बसून तिचा हात आपल्या हातात धरायची आणि कानाशी पुटपुटायची, "थांबू नकोस. थांबलीस की डाग."

शाळेत बाईंनी तिची वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ही अक्षरं आहेत की भिंतीवर चढवलेला वेल? सुटी सुटी काढ!" शाई मुसमुसत घरी आली. अक्का म्हणाली, "बाईंचे कपडे आपल्याकडेच येतात ना? मग त्यांच्या पट्ट्यांवर काढू सुटी अक्षरं." पुढच्या धुण्यात बाईंच्या प्रत्येक ब्लाउजच्या आत एक एक टपोरा डाग होता. आईनं दोघींना झोडपलं, पण वळण काही बदललं नाही.

अक्का लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. तिथं मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करायची नोकरी तिला मिळाली आणि ती त्या नोकरीत अशी रुजली की वसतिगृहाच्या मुलींना ती इमारतीबरोबरच बांधली गेली असावी असं वाटायचं. शाई आईजवळ राहिली आणि चौकातल्या फुलांच्या दुकानात कामाला लागली.

दुकानात तिचं टेबल वेगळं होतं. सगळीकडे पाणी: बादल्या, ओले देठ, ओली फरशी, गारठा राखायची काचेची खोली. तिच्या टेबलावर मात्र पाण्याचा थेंब चालायचा नाही. तिथं तळहाताएवढी जाड कार्डं, दौत आणि टाक. लोक यायचे किंवा फोन करायचे, फुलं निवडायचे, आणि बरोबर काय लिहायचं ते सांगायचे. 'लवकर बरी हो.' 'नव्या घराला शुभेच्छा.' 'तुझ्याशिवाय करमत नाही.' मजकूर लोकांचा, अक्षर शाईचं. त्या गावात आजारी पडलेल्या, पास झालेल्या, बाळंत झालेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या घरात तिच्या हातची एक तरी ओळ होती.

सगळ्यांनाच मजकूर सुचायचा असं नाही. एकदा एका माणसानं भाऊजींना पाठवायला भलामोठा गुच्छ बांधून घेतला आणि कार्डापाशी येऊन अडला.

"काय लिहू, तुम्हीच सांगा."

"तुमच्या मनात आहे ते सांगा, मी लिहिते," शाई म्हणाली.

"मनात आहे ते लिहिलंत तर पोलीस येतील हो."

शेवटी 'सप्रेम' एवढंच लिहून तिनं त्याची सुटका केली.

तिचं लग्नही या टेबलावरच जमलं. एक बस कंडक्टर निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरसाठी फुलं न्यायला आला. चार दिवसांनी पुन्हा आला. "आता कुणासाठी?" तिनं विचारलं. "ते अजून ठरलं नाही," तो म्हणाला, "सध्या अक्षर बघायला आलोय." दुकानाचे मालक काचेच्या खोलीत उभे राहून हसत होते ते तिला बाहेरून दिसत होतं. ती लाजली नाही. तिनं एक कोरं कार्ड काढलं, त्यावर 'बसचं तिकीट दाखवा' असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि त्याच्या हातात ठेवलं. ते कार्ड त्यांच्या आरशाच्या कडेला अजून खोचलेलं आहे.

आई तिच्याकडेच राहायची. म्हातारपणी अंथरुणाला खिळली, आणि एका सकाळी गेली.

शाईनं अक्काला फोन केला. अक्का "बघते" एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. अक्कासाठी अंत्यविधी दुसऱ्या दिवसावर ठेवला होता; सकाळी शाई फुलं आणायला दुकानात गेली. मालकांनी स्वतःच्या हातानं पांढरी फुलं बांधून ठेवली होती. शाई ती उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. मालक बोलले, ऐकलं, फोन ठेवला, आणि हात पुसत उगाच उभे राहिले.

"अक्कांचा होता," ते म्हणाले. "त्यांना यायला जमत नाहीये. आईंसाठी फुलं पाठवायचीत."

शाईनं फुलांकडे नेलेला हात मागं घेतला.

"आणि कार्डावर लिहायचंय, 'आईला, तुझी मोठी.' म्हणाल्या की तुम्हीच लिहायचं."

शाईनं टाक उचलला आणि लिहिलं. तिच्या हातून अक्षर बिघडलं नाही, आणि त्याचाच तिला पुढं फार राग आला. सख्खी बहीण परक्या माणसासारखी फुलं पाठवते, आणि वर कार्ड मलाच लिहायला लावते! ते तिच्या मनाला असं लागलं की अक्काचे पुढचे सगळे फोन नवऱ्यानं घेतले. "ती बाहेर गेलीय," असं तो सांगायचा आणि ती समोरच बसलेली असायची. हळूहळू फोन थांबले. अबोला धरायला कष्ट पडतात ते सुरुवातीला; नंतर तो घरातल्या जुन्या कपाटासारखा होतो, माणूस त्याला वळसा घालून चालायला शिकतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी पायाला प्लास्टर घातलेली एक बाई कुबडी टेकत दुकानात आली. तिच्या हातात फुलं नव्हती, नुसतं कार्ड होतं.

"हे कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

'लवकर उभी राहा' असा मजकूर होता. शाईला वाटलं, तक्रार आहे. "काही चुकलं का?"

"चुकलं नाही. तीन आठवडे घरात पडून मी हे एकच कार्ड बघतेय. यात तीन 'र' नसते तर मी आलेच नसते."

शाईनं कार्ड पाहिलं. "तीन कुठं? एकच आहे की. 'लवकर'मधला. आणि एक 'राहा'मधला. दोन."

"हो, दोनच. वेदनेच्या गोळ्यांनी मला तीन दिसत होते," ती हसून म्हणाली. "पण दोन्ही वेगळे आहेत, बघा. शब्दाच्या शेवटचा 'र' पाय लांब करून बसलाय, आणि सुरुवातीचा निघायच्या घाईत आहे. तुम्ही मुद्दाम करता?"

शाईनं आयुष्यात कधी या गोष्टीचा विचार केला नव्हता.

ती बाई फॉन्ट बनवायची. गावातच, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं लहानसं ऑफिस होतं. दुकानांच्या पाट्या, खोकी, वेष्टनं, आमंत्रणं यांच्यासाठी हातानं लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरं तिला हवी होती, आणि तशी तिला कुठं मिळत नव्हती. मिळायची ती सगळी लिहिल्यासारखी कमी आणि नटल्यासारखी जास्त. दुकानात तिचं नाव त्याच दिवशी पडलं: फॉन्टवाली.

शाईनं आधी साफ नकार दिला. "अक्षर म्हणजे काय चपला आहेत का? कुणीही पायात घालून चालायला लागायचं?"

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. कंडक्टरनं तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "आतापर्यंत काय वेगळं होतं? लोकांचं प्रेम, लोकांची भांडणं, आणि अक्षर तुझं. तुझ्या चपला घालून अर्धं गाव चालतंयच की."

दोन दिवस ती त्याच्यावर उगाच चिडून होती, मग तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम असताना छापखान्याचा जिना चढून गेली.

फॉन्टवालीनं तिला चांगला कागद दिला आणि क, ख, ग ओळीनं लिहायला सांगितलं. शाईनं लिहिलं. दोघी त्या कागदाकडे बघत राहिल्या. सगळी अक्षरं ताठ, अंग चोरून, फोटो काढायला भिंतीशी उभ्या केलेल्या पाहुण्यांसारखी.

"ही माझी नाहीत," शाई म्हणाली.

"नाहीतच," फॉन्टवाली म्हणाली. तिला राग आला नाही. तिनं थोडा विचार केला. "तुम्ही अक्षरं लिहूच नका. दुकानात जे लिहिता ते लिहा. आठवतील तेवढी कार्डं."

मग शाई लिहायला बसली. गावाची सगळी सुखदुःखं तिच्या हातून उतरत गेली. 'बाळाला आशीर्वाद.' 'परत ये.' 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' 'गाडी जपून चालव, नालायका.' फॉन्टवाली त्यातून अक्षरं वेचायची, पडद्यावर घराएवढी मोठी करायची आणि त्यांच्या कडा बघत बसायची. शाईला पहिल्यांदा ते बघवेना. आपल्याच अक्षराच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं. पण हळूहळू तिला त्यात रस वाटायला लागला. आपल्याकडे चार प्रकारचे 'ल' आहेत, वेलांटी आधी असेल तर आपला 'त' थोडा मागं सरकतो, 'स्त' लिहिताना आपण श्वास रोखतो, हे सगळं तिला त्या जिन्यावरच्या खोलीत कळलं. फॉन्टवालीला ते यंत्राला शिकवायचं होतं: शब्दाच्या सुरुवातीला कुठला 'र', शेवटी कुठला, एकाच शब्दात दोन 'ल' शेजारी आले तर दुसरा बदलायचा, नाहीतर जुळ्यांसारखे दिसतात. एकेका जोडाक्षरावर तिचा आठवडा जायचा. शिरोरेघेनं तर तिला रडकुंडीला आणलं, कारण शाईची रेघ उलटी यायची आणि प्रत्येक शब्दावर वेगळी लहरायची.

"ही उलटी रेघ कुणी शिकवली तुम्हाला?" एकदा तिनं विचारलं.

"बहिणीनं."

"त्या कुठं असतात?"

"लांब," असं म्हणून शाईनं टाक धुवायला घेतला.

फॉन्ट तयार झाला. त्याला 'शाई' हेच नाव दिलं. मालकांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला, कंडक्टरनं "आता तुझं अक्षर आपल्याला सोडून एकटंच हिंडणार," असं भाकीत केलं, आणि ते खरं झालं. आधी ते एका चपलांच्या दुकानाच्या पाटीवर दिसलं. मग अत्तराच्या बाटलीवर. मग एका साबणवाल्या कंपनीनं ते घेतलं आणि बसच्या अंगावर हातभर उंचीच्या अक्षरात 'मऊ, हळुवार, रोज' असं फिरायला लागलं. शाई थांब्यावर उभी होती. बस समोर आली तसं तिला एकदम आपल्याला कुणीतरी चारचौघांत मोठ्यानं हाक मारल्यासारखं झालं. तिनं इकडे तिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. ती बसमध्ये चढली, आणि घरी पोचेपर्यंत आपण आपल्याच 'मऊ'च्या मागं बसलोय या विचारानं तिला हसू येत राहिलं.

गंमत पुढंच झाली. एक तरुण गिऱ्हाईक गुच्छ घेऊन गेलं आणि पाच मिनिटांत तणतणत परत आलं.

"हातानं लिहिलेलं कार्ड मिळेल असं बाहेर लिहिलंय तुम्ही! हे तर छापलेलं आहे. हा फॉन्ट मी ओळखतो, आमच्या ऑफिसात आहे."

"मी आत्ता तुमच्यासमोर लिहिलं ना?" शाई म्हणाली.

"मी फोनवर होतो. माझं लक्ष नव्हतं."

मालकांनी काचेच्या खोलीत पळ काढला, हसण्यासाठी. शाईनं दुसरं कार्ड घेतलं, "आता लक्ष द्या" म्हणाली आणि तोच मजकूर पुन्हा लिहिला. तो माणूस कार्डाकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे बघत राहिला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "फॉन्टची हुबेहूब नक्कल करता तुम्ही."

शाईनं ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. सांगत बसायला कुणाला वेळ आहे!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, मालक माल आणायला गेले असताना दुकानातला फोन वाजला. शाईनं उचलला.

"हॅलो, फुलांचं दुकान."

पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तू साबणावर काय करतेयस?"

शाईच्या हातातली कात्री टेबलावर पडली. "कोण बोलतंय?" ओळखूनही तिनं विचारलं.

"कोण बोलणार? मी न्हाणीघरात साबणाचं वेष्टन फाडतेय आणि त्यावर माझा 'ळ'! हळुवारमधला. एक पोट मोठं, एक लहान. पट्टीची कड आडवी यायची म्हणून मी तो तसा काढायचे. विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग माझा 'ळ' जगाला वाटून टाकताना मला विचारलंस?"

"विचारायला तू होतीस कुठं?" शाई म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चढलाय. समोर गुलाब घेऊन उभ्या असलेल्या बाई हळूच दाराकडे सरकल्या.

शाईनं दाराकडे पाठ केली.

"फुलं परकी माणसं पाठवतात, अक्का," शाई म्हणाली. आता ती हळू बोलत होती. "मी रोज त्यांची कार्डं लिहिते ना, मला माहीत आहे. ज्यांना यायचं नसतं ती माणसं फुलं पाठवतात. आणि तू कार्डही मलाच लिहायला लावलंस."

"तुलाच लिहायला लावायचं होतं मला."

"का? मला डिवचायला?"

"अगं, काय बोलतेस!" अक्का म्हणाली, "मी निघाले होते. बॅग घेऊन स्टेशनवर गेले. बाकावर बसले आणि उठताच येईना. आईला तशी बघायची नव्हती मला. गाडी आली, गेली, आणि मी तिथंच. मग वाटलं, आपण नाही तर निदान आपलं अक्षर तरी तिच्यापाशी असू दे. इथल्या दुकानातून पाठवलं असतं तर कुणीही लिहिलं असतं, कोंबडीच्या पायांसारखं. तू लिहिलंस तर ते माझंच. तुझ्या-माझ्या अक्षरात फरक काय आहे?"

शाई उभी होती ती खुर्चीवर बसली.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"फोनवर कधी आलीस तू? तुझा नवरा म्हणायचा, बाहेर गेलीय. इतकी बाहेर कुठं जायचीस गं?"

शाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले, आणि तशातही टेबलावरच्या कार्डांवर थेंब पडू नये म्हणून खुर्ची मागं सरकवली.

"ये," ती म्हणाली. "ये इकडे काही दिवस."

अक्का आली. कंडक्टर तिला घ्यायला गेला होता. दारात दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. अक्कानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जाड झालीस," ती म्हणाली. "तू कुठं सुकलीस!" शाई म्हणाली, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. गळ्यात गळे घालायची त्या घराची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्का तिच्याबरोबर दुकानात गेली. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ओल्या फुलांची खालची पानं काढायला बसली. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा खाली मान घालूनच ती म्हणाली, "सांग आता."

काय, ते शाईनं विचारलं नाही. तिनं सांगितलं. शेवटच्या दिवसांत आई हातानं चादर सपाट करत राहायची, कडेपर्यंत, इस्त्री फिरवल्यासारखी. सुरकुती दिसली की पुन्हा. कुणी थांबवलं की म्हणायची, कपडे उद्या द्यायचे आहेत. त्या सकाळी तिनं थोडं दूध घेतलं, मग विचारलं, "मोठी आली का?"

"तू काय म्हणालीस?"

"येतेय, म्हणाले."

अक्काच्या हातातल्या देठाची पानं संपली होती, तरी तिची बोटं चालूच होती. शाईनं तो देठ तिच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा दिला. मालक बाहेर फळकुटावर किमती लिहीत होते, ते आणखी थोडा वेळ बाहेरच थांबले.

"बरं केलंस," त्याची पानं काढून झाल्यावर अक्का म्हणाली. "तसंच म्हणायला हवं होतं."

दोन-तीन दिवसांनी फॉन्टवालीनं निरोप पाठवला. तिला एक अडचण आली होती. शाईचं अक्षर कार्डावर, बाटलीवर छान दिसायचं. उंचावरच्या पाटीवर मात्र लांबून ते धाग्यासारखं बारीक व्हायचं. यंत्रानं जाड करून बघितलं तर अक्षरांची पोटं बुजत होती. अक्काही सोबत जिना चढली. पडद्यावरची अक्षरं तिनं चष्मा वरखाली करून पाहिली.

"हे उपाशी आहे," ती म्हणाली. "खडू आहे का?"

खडू होता. भिंतीवर फळाही होता. अक्कानं खडू आडवा धरला आणि वसतिगृहात रोज लिहायची तेच लिहिलं: 'नळ बंद करा.' जन्मभर फळ्यावर लिहून तिचा हात रुंद झाला होता. तेच वळण, तीच एका दमातली ओढ, तीच उलटी शिरोरेघ. पण अक्षर असं भरदार की खोलीतल्या तिघींचीही नजर आपोआप कोपऱ्यातल्या नळाकडे गेली. पोटं कुठंही बुजली नव्हती, कारण जागा करायला तिनं ती आधीच मोठी केली होती.

फॉन्टवाली खुर्चीतून उठली. पाय आता बरा झाला होता, तरी ती सवयीनं लंगडली. "हेच," ती म्हणाली. "हेच मला हवं होतं. तुम्ही किती दिवस आहात?"

"माझं अक्षर विनंती करतं," शाई म्हणाली, "हिचं हुकूम देतं."

अक्का ठरल्यापेक्षा बरीच जास्त राहिली. दुपारी दोघी जिन्यावर चढायच्या, एक कागदावर लिहायची, एक फळ्यावर, आणि फॉन्टवाली मध्ये उभी राहून दोन्ही मापं जुळवायची. भांडणं व्हायची. 'ह'चा पाय किती लांब, यावर दोघींनी एकदा चहा थंड करून टाकला. नव्या जाड अक्षरांना काय म्हणायचं हा प्रश्न कंडक्टरनं सोडवला: बारीक ती धाकटी, जाड ती थोरली. "मी म्हातारी वाटते त्यात," असं अक्कानं कुरकुरून पाहिलं, पण तिला ते आवडलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

मग वसतिगृहातून बोलावणं आलं आणि ती परत गेली.

थोरलीचं काम अजून चालू आहे. 'क्ष'वर एकमत होत नाही. अक्का तिकडच्या फळ्यावर लिहून त्याचे फोटो पाठवते, शाई इकडून फोन करून "पोट सुटलंय त्याचं" म्हणते, आणि अक्का "तुझं बघ आधी" असं म्हणून पुसून पुन्हा लिहायला घेते. वसतिगृहातल्या मुली सकाळी खाली उतरतात तेव्हा फळ्यावर सूचनांऐवजी कधी नुसते सहा 'क्ष' असतात, कधी ओळभर 'ज्ञ'. काहीतरी कडक नियम येणार आहे अशी त्यांची समजूत झाली आहे, आणि त्या सगळ्या नळ घट्ट बंद करतात.